दुपारचा रकाना

कुंदा,

तेरवी आटोपली. मीनल परवा बंगलोरला परत गेली. जाताना तुझ्या साड्या कपाटात तशाच ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी पाहू." सतरंज्या गेल्या, भाड्याची भांडी गेली, दारातल्या चपला कमी होत होत माझी एक जोडी उरली. आता या प्रताप नगरच्या घरात मी आहे आणि कूलर आहे, आणि दोघंही दिवसभर कुरकुर करतो.

भेटायला आलेले सगळे एकच वाक्य बोलून गेले. सुटली बिचारी, केवढा त्रास होता. मी मान हलवत राहिलो. पण तू सुटली नाहीस, तू बरी होत होतीस. तोंडातले फोड गेले होते, पाठीवरच्या जखमांवर नवी कातडी धरली होती. तू ज्या साखरेनं गेलीस ती मी रोज सकाळी सहा वाजता मोजत होतो आणि वहीत लिहीत होतो. हे मी लोकांना सांगितलं नाही, मीनललाही नाही. तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे.

लिहायला बसलो की माझं लिहिणं लॉगशीटसारखं होतं असं तू म्हणायचीस. होऊ दे. एकतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, दुसरं केलं काय मी? दर तासाला युनिटच्या काट्यांसमोर उभं राहायचं, आकडा पाहायचा, रकान्यात लिहायचा. एखाद्या तासाचा आकडा घ्यायचा राहिला तर तो मागाहून मनानं भरायचा नाही, हा तिथला पहिला नियम. रकाना कोरा सोडायचा, त्याभोवती लाल शाईनं गोल करायचा, बाजूला कारण लिहायचं आणि खाली सही ठोकायची. माझ्या शीटवर लाल गोल किती आले ते बोटावर मोजता येईल. मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचो आणि तू मीनलला म्हणायचीस, "बाप्पा, तुह्या बाबाले सपन पडते तेबी तासातासानं."

दिवाळीनंतर तुझ्या तोंडात फोड आले. आधी वाटलं उष्णता आहे. मग ते घशात उतरले, मग पाठीवर, काखेत, नुसता पदर घासला तरी कातडी निघायची. त्वचेच्या डॉक्टरांनी पेम्फिगस असं नाव सांगितलं आणि तीन आठवडे तुला भरती करून घेतलं. मग त्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. स्टिरॉइडच्या. सकाळी नाश्त्यावर आठ.

गोळ्यांनी तुझं तोंड परत दिलं, हे मी विसरणार नाही. काटोलहून माझे थोरले भाऊ मृग बहाराची संत्री घेऊन आले तो दिवस आठव. तीन महिने तुझ्या तोंडात पेज आणि थंड दूध यापलीकडे काही गेलं नव्हतं. तू संत्रं सोललंस, एक फाक तोंडात ठेवली, आणि डोळे मिटून बसलीस, जळजळ होते का त्याची वाट पाहत. जळजळ झाली नाही. मग तू चार संत्री खाल्लीस, एकामागून एक, रस कोपरापर्यंत आला. मला म्हणालीस, "काय पाहून राहिले? बायको कधी पाह्यली नाही काय खातानी?" मी खरंच पाहून राहिलो होतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण तुला खाताना इतकं निवांत मी त्या दिवशीच पाहिलं.

त्यानंतर तुझी भूक सुटली. गोळ्यांनी भूक वाढते म्हणे. सकाळी पोळी, अकराला पोहे, दुपारी भात. चेहरा गोल झाला, गालावर लव आली. आरशासमोर तू पाठ करून वेणी घालायचीस. पण रडली नाहीस. माझ्या आईच्या फोटोकडे पाहून म्हणालीस, "पाहा आत्याबाई, जन्मभर मले काडी म्हणत होत्या. आता झाली मनासारखी."

आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर साखर.

डॉक्टरांच्या खोलीतला तुझा चेहरा मला रोज दिसतो. "मले? माह्या माहेरी कोणाले साखर नाही. माहा बाप सत्तरीपर्यंत मागावर बसला, गुळाची भेली फोडून खाये." डॉक्टर म्हणाले, ही माहेरची नाही, गोळीची साखर आहे. तू लगेच म्हणालीस, "मग गोळी बंद करा." ते म्हणाले, बंद केली तर फोड परत येतील, आणि एकदम सोडली तर जीवाला धोका. हळूहळू कमी करू, तोवर साखरेची गोळी घ्या आणि पथ्य पाळा. तू स्वतःच्या हातांकडे पाहिलंस आणि विचारलंस, "म्हणजे मी काय निवडू? तोंड का साखर?" डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चष्मा पुसत बसलो.

घरी आल्यावर तू साखरेचा डबा स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवलास. संत्र्याची पिशवी शेजारी देऊन आलीस. परत येऊन खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "तोंड दिलं आणि खाणं नेलं." त्या दिवसापासून तू जेवणाच्या ताटाशी बोलेनाशी झालीस. आधी कशी, भाजीला नावं ठेवत, स्वतःच्याच हाताला शाबासकी देत जेवायचीस. आता मान खाली घालून दोन भाकरी संपवायचीस. भूक तर गोळ्या लावतच होत्या. भुकेल्या माणसासमोर ताट ठेवायचं आणि मोजून वाढायचं, हे काम माझ्याकडे आलं, आणि मी ते किती चोख केलं. एकदा लग्नघरची बर्फी तुझ्या हातातून काढून घेतली मी. जबरदस्तीनं. तू बोटाला लागलेली तेवढी चाटलीस. तो तुकडा मला आता परत द्यावासा वाटतो, कुंदा. एक तुकडा बर्फी. त्यानं काय झालं असतं?

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते टाळून हे पत्र पुरं व्हायचं नाही.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "काका, सकाळची बघाच, पण दुपारी जेवणानंतर दोन तासांनीही बघा. या गोळीची साखर दुपारनंतर वाढते." मी हो म्हणालो. येताना मशीन घेतलं, पट्ट्यांची डबी घेतली, वही घेतली. वहीत पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तू पाहून हसलीस. "घ्या, आता मी तुमचं नवं युनिट."

सकाळचा पहिला आकडा आला चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी एकशे एक. मग सत्त्याण्णव. मी भाऊंना फोन केला. त्यांना वीस वर्षांची साखर, घरातले या विषयाचे तज्ज्ञ तेच. ते म्हणाले, "उपाशीपोटीची नॉर्मल आहे ना? मग सोड गा. खरी तेच असते. जेवल्यावर तं कोणाचीबी वाढते, ते पाहून काहून बीपी वाढवतं?" मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला तेच ऐकायचं होतं. तुझी बोटं सुजलेली, कातडी पातळ, सुई टोचली की तू डोळे घट्ट मिटायचीस. दिवसातून तीनदा ते मला करवत नव्हतं. आणि चांगला आकडा पाहिला की दिवस चांगला जायचा. दुपारचा रकाना कोरा राहिला, संध्याकाळचाही. ज्यानं एकतीस वर्षांत बोटावर मोजण्याइतकेच तास चुकवले, त्यानं.

तुझी गोळी सकाळी पोटात जायची. ती दिवसभर साखर चढवायची, रात्रीतून साखर आपोआप उतरायची, आणि सहा वाजता मी उठून मोजायचो तेव्हा सगळं शांत. माझं एकच रीडिंग, तेही युनिट थंड असतानाचं. हे मला आयसीयूच्या दारात एका तरुण डॉक्टरनं समजावून सांगितलं. एका मिनिटात समजलं. इतकं सोपं होतं ते.

एप्रिल लागला आणि तुला तहान लागायला लागली. दुपारून माठाशी जायचीस, ओगराळ्यानं पाणी घ्यायचीस, परत यायचीस, परत जायचीस. मी खाटेवरून म्हणालो, "कूलरपेक्षा तुलेच जास्त पाणी लागून राहिलं." तू हसलीससुद्धा. नागपूरचा उन्हाळा, कोणाला तहान लागत नाही? असं मी स्वतःला म्हणालो. मग एक दिवस उशीचा अभ्रा शिवायला बसलीस आणि म्हणालीस, "अजी, सुईत दोराच जाऊन नाही राहिला. दोन दोन दिसून राहिलं." उमरेडच्या विणकराची पोरगी तू, कंदिलाच्या उजेडात तुटलेली तार शोधणारी. मी म्हणालो चष्म्याचा नंबर बदलला असेल, पुढच्या महिन्यात दाखवू. दुपारी तुला ग्लानी यायची, ती मी वयावर ढकलली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं.

तू मात्र विचारलंस. एका सोमवारी, जेवणं झाल्यावर. मला तुझा आवाज ऐकू येतो.

"अजी, एकदा दुपारची पाहा न. दुपारून मले कसंतरीच होते. घसा सुकते, पायात जीव नाही राहत."

"सकाळची अठ्ठ्याण्णव आहे."

"सकाळी मले काही होतच नाही. होते ते दुपारून."

"खरी उपाशीपोटीचीच असते. भाऊंनी सांगितलं ना?"

"भाऊजींची साखर वेगळी, माही वेगळी. तुम्ही नुसता आकडा पाहता. तुटलेला धागा आकडा पाहून नाही सापडत, बोट फिरवून सापडते."

आणि मी चिडलो. म्हणालो, "डॉक्टर तू का मी? दिवसभर टोचत बसू का आता?" मी कूस बदलली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चार वाजता मी कूलरची खस आणायला बाजारात गेलो. सहाला आलो. खस बसवली, हात धुतले, चहा मागितला. तू चहा ठेवता ठेवता, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "राहू द्या जी ते दुपारचं. तुमची सकाळचीच बरोबर असन."

मला बरं वाटलं, कुंदा. खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षांत तू एक वाद सोडला नव्हतास. चुकलीस तरी दोन दिवस लढवायचीस. त्या दिवशी तू हरलीस आणि मी बशीतून चहा फुर्र करून प्यालो. डबीत एक पट्टी कमी निघाली म्हणून विचारलं, तर म्हणालीस, पडली असेल कुठं तरी.

त्यानंतरच्या आठ सकाळी तू बोट पुढं केलंस. मी टोचलं. मी आकडा वाचून दाखवला. शंभर. पंच्याण्णव. एकशे दोन. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, "मस्त."

आठव्या दिवशी बुधवार. दुपारी तू झोपलीस ती चार वाजता उठेना. हाक मारली, हुंकार दिलास, डोळे उघडले नाहीस. ओठ सुकून पांढरे. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. दवाखान्यात त्यांनी बोट टोचलं तर मशीन आकडाच दाखवेना, इतकी वर गेलेली. छातीतही संसर्ग होता, गोळ्यांनी ताप दिसू दिला नव्हता. त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "घरी बघत नव्हता?" मी पिशवीतून वही काढली. अभिमानानं काढली, हे लक्षात घे. एक दिवस खाडा नाही, अक्षर मोत्यासारखं. त्यानं पानं उलटली. दोन, तीन, चार. मग म्हणाला, "काका, दुपारच्या कुठे आहेत?"

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. तू पुढं दोन दिवस होतीस. डोळे उघडलेच नाहीस. तुझ्या कानाशी मी काय काय बोललो ते आत पोचलं की नाही कोणास ठाऊक. माफी मागितली ती ऐकली असशील तर ठीक, नसशील तर परत मागतो. दोन्ही वेळा हिंमत कमीच पडली, मी नुसतं "चुकलं" म्हणालो. काय चुकलं ते म्हणालो नाही.

आता आजचं. भाऊ तेरवीला म्हणाले होते, ते मशीन पडून राहील, मला दे, माझं बिघडलं आहे. आज देण्यासाठी काढलं. वाटलं, आतले जुने आकडे पुसून द्यावेत. बटण दाबत गेलो. मशीन वेळेसकट सगळं ठेवतं. सकाळी सहा, सकाळी सहा, सहा वाजून पाच, सहा. आणि मधेच एक, दुपारी चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. चारशे अठरा.

मी तारीख वहीशी ताडून पाहिली. तीनदा पाहिली. मंगळवार. मी खस आणायला गेलो होतो तो.

तू मोजलंस. सुई पाहिली की डोळे मिटणारी तू, एकटीनं, दोन दोन दिसत असताना, स्वतःचं बोट टोचलंस. चारशे अठरा वाचलंस. पट्टी कुठं तरी पुरलीस, मशीन जागेवर ठेवलंस, आणि चहा करताना मला जिंकू दिलंस.

काहून?

दिवसभर मी हेच विचारून राहिलो. तुझ्या फोटोसमोर ओरडलो मी. शेजारचे येऊन पाहून गेले. एक शब्द सांगितला असतास तर मी अंगावरच्या बनियनवर तुला घेऊन धावलो असतो. मला तुझा राग येतो, इतका की हार काढून ठेवला फोटोवरचा. आणि मग कूलर बंद केला, घर शांत झालं, आणि मला गॅलरी आठवली.

भरतीचे तीन आठवडे संपवून तुला घरी आणलं त्या दिवशी मी गॅलरीत उभा राहून मीनलशी फोनवर बोलत होतो. माझी पाठ गेली होती, झोप गेली होती. मी म्हणालो, "पुन्हा भरती करायची वेळ आली तर माझ्याच्यानं होणार नाही, बेटा. मी मरून जाईन." तू आत झोपली होतीस. निदान मला तसं वाटलं. थकला की माणूस बोलतो, वं. बोलतो आणि विसरतो. मी त्याच दिवशी विसरलो होतो. तू जानेवारीपासून ते सांभाळून ठेवलंस.

चारशे अठरा म्हणजे भरती, एवढं तुला कळलं असणार. आठ दिवस तू बोट पुढं करत राहिलीस आणि मी तुला आकडे वाचून दाखवत राहिलो.

मशीन भाऊंना दिलं नाही. आकडेही पुसले नाहीत. वही समोर आहे. तुझा मंगळवारचा आकडा दुपारच्या रकान्यात लिहिला, तो घेतलेला आकडा आहे, मनानं भरलेला नाही. नाव तुझं लिहिलं, घेणाऱ्याच्या जागी. बाकीचा सगळा रकाना पहिल्या पानापासून कोरा आहे. मी लाल पेन आणला आहे. एकेका दिवसाला गोल करून राहिलो. गोल काही गोल येत नाही, पण चालते.

कारण लिहा लागते, कुंदा. नियम आहे. उन्हाळा होता, बोटं सुजली होती, भाऊंनी सांगितलं होतं, ही कारणं मी खूप वेळ मनात फिरवली. एकही खरं नाही. त्या सोमवारच्या रकान्यापाशी आलो तेव्हा लिहिलं:

तिनं म्हटलं होतं. मी पाहिली नाही.

आणि खाली सही केली.